अमेरिकेचा लांबचा प्रवास: विमानाला उशीर, चुकलेलं कनेक्शन आणि नवं तिकीट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महाराष्ट्रातून आखाती देश किंवा युरोपमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. त्यातही पहिल्यांदा मुलांकडे निघालेले आई-बाबा आणि इकडून-तिकडून त्यांची तिकिटं काढणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. थेट विमानाने जाणार असाल तर यातले निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत. बाकीच्यांसाठी क्रम एकच: आधी पुढच्या विमानातली जागा, मग जेवण आणि झोप, आणि भरपाईचं भांडण घरी पोहोचल्यावर.

तिकीट काढताना

दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावा?

प्रत्येक विमानतळाला विमान बदलण्यासाठी लागणारा किमान वेळ ठरवून दिलेला असतो आणि त्याहून कमी वेळाचं कनेक्शन एका तिकिटावर विकलं जात नाही. पण तो वेळ चालत्या पायांच्या, सरावलेल्या प्रवाशाला धरून असतो. दीड तासाचं कनेक्शन नियमात बसतं. गुडघे दुखणाऱ्या, व्हीलचेअरची वाट बघत शेवटी उतरणाऱ्या सत्तरीच्या माणसाला ते बसत नाही. आखातात किंवा युरोपात तीन-साडेतीन तास ठेवा. अमेरिकेत पहिल्यांदा उतरता त्या विमानतळावर पुढचं विमान असेल तर चार तासही जास्त नाहीत. कारण खाली वेगळं दिलं आहे.

आणखी एक गोष्ट बघायची: आपलं पुढचं विमान चुकलं तर त्याच दिवशी त्याच गावाला दुसरं आहे का? न्यूयॉर्क किंवा शिकागोला सहसा असतं. रॅले किंवा पिट्सबर्गसारख्या ठिकाणी जाताना दिवसाचं शेवटचं विमान धरलं असेल तर रात्र विमानतळावर निघते. म्हणून शेवटचा टप्पा सकाळचा किंवा दुपारचा घ्यावा.

दोन वेगळी तिकिटं घेतली तर पंधरा-वीस हजार वाचतात. घ्यावीत का?

आई-बाबांसाठी नको. या पानावर एवढं एकच उत्तर मी बिनशर्त देईन.

पुणे–दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली–नेवार्क दुसऱ्या कंपनीचं, असं स्वतंत्र काढलं तर दोन्ही कंपन्यांच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवास असतात. पहिलं विमान तीन तास उशिरा पोहोचलं तर पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला दिल्लीला आणून सोडलं. दुसरी म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत. नवं तिकीट तुमच्या खिशातून, तेही त्या दिवशीच्या भावाने. एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर सगळे टप्पे असतील तर कनेक्शन चुकल्यावर शेवटच्या गावापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते आणि भाड्यातला फरक मागितला जात नाही.

एका तिकिटाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मधला किंवा पहिला टप्पा आपल्या मनाने सोडता येत नाही. तिकीट पुणे–दिल्ली–न्यूयॉर्क असेल आणि तुम्ही परस्पर दिल्लीला जाऊन पुढच्या विमानाला उभे राहिलात, तर पहिल्या टप्प्याला गैरहजर म्हणून पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द झालेले असू शकतात. काही बदलायचं असेल तर कंपनीला सांगून, तिकिटात नोंद करवूनच.

तिकिटावर १५ तारीख आहे आणि वेळ पहाटे १:५०. आम्ही कधी निघायचं?

१४ तारखेच्या संध्याकाळी. मुंबईहून आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि "१५ तारखेची रात्र" म्हणजे पंधराचा दिवस मावळल्यानंतरची रात्र असं समजून चोवीस तास उशिरा पोहोचणारे लोक दरवर्षी निघतातच. नातेवाइकांना निरोप देताना "१४ ला रात्री जेवून निघायचं" असंच सांगा. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची स्थानिक असते, आणि पोहोचण्याच्या वेळेपुढे अधिक एक असेल तर तो दुसरा दिवस.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून "मुंबई" म्हणजे कोणती तेही तिकिटावर वाचा. सहार (जुना विमानतळ) आणि उलवे (नवा) यांच्यामध्ये अख्खं शहर आणि खाडी आहे.

पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून कधी निघावं?

आंतरराष्ट्रीय विमानासाठी चार तास आधी विमानतळावर, असं धरून मागे मोजा. घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की एक्स्प्रेसवेवर किती वेळ जाईल याला हिशेब नसतो. पावसाळ्यात आणि लाँग वीकेंडला दोन तास वाढवा. रस्त्यात अडकून विमान चुकलं तर ती चूक कंपनीची धरली जात नाही, आणि वर सांगितलेलं एका तिकिटाचं संरक्षणही मिळत नाही.

कोणत्या दिवसांत उशीर जास्त होतो?

जून ते सप्टेंबर मुंबई, डिसेंबर-जानेवारी दिल्ली. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि पावसाचा जोर वाढला की उतरणाऱ्या विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. त्या आठवड्यात शेकडो उड्डाणांचा खोळंबा झाला. दिल्लीत धुकं. धुक्यात उतरण्यासाठी विमानतळाची यंत्रणा, विमान आणि वैमानिकाचं प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी त्या दर्जाच्या लागतात, म्हणून शेजारचं विमान उतरतं आणि तुमचं जयपूरला वळवलं जातं.

बाकी काही गोष्टी पंचांगात सापडत नाहीत. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत इतका पाऊस झाला की विमानतळावर पाणी साचलं आणि पुढचे काही दिवस प्रवासी तिथेच अडकून पडले. २१ मार्च २०२५ ला वीज उपकेंद्राच्या आगीमुळे लंडनचा हीथ्रो दिवसभर बंद होता. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं आणि दोह्याकडे निघालेली विमानं भलतीकडेच उतरली. अशा वेळी कोणाचंच काही चालत नाही, पण एका तिकिटावर असलेला प्रवासी निदान रांगेत तरी असतो.

उशीर झाल्यावर

विमान खरंच किती उशिरा आहे हे कसं कळणार? फलकावर तर "वेळेवर" दिसतंय.

तुमचं विमान जिथून येतंय ते बघा. बहुतेक वेळा तुम्हाला नेणारं विमान आधी कुठूनतरी मुंबईत यायचं असतं. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर आपला फ्लाइट नंबर टाकला की ते विमान आत्ता कुठे आहे हे दिसतं. तुमची सुटण्याची वेळ २:३० असेल आणि विमान १:१५ ला अजून अरबी समुद्रावर असेल, तर फलक काहीही म्हणो, २:३० ला ते सुटत नाही. ही माहिती कंपनीच्या मेसेजच्या आधी मिळते, आणि नवं तिकीट मिळवायच्या शर्यतीत तो अर्धा तास फार मोलाचा असतो.

आधी "दोन तास उशीर" म्हणाले, आणि नंतर एकदम "उद्या सकाळी". असं का होतं?

बहुधा वैमानिकांच्या ड्यूटीची वेळ संपते म्हणून. वैमानिक आणि केबिन क्रू यांनी सलग किती तास काम करायचं याला कायद्याने मर्यादा आहे, आणि ती मोजणी विमान उडाल्यापासून होत नाही, ते कामावर हजर झाल्यापासून होते. अमेरिकेच्या चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणात तशीही फारशी मोकळीक नसते. जमिनीवर तीन तास गेले की तोच क्रू नियमाने उडू शकत नाही, आणि मध्यरात्री दुसरा ताजा क्रू मिळाला नाही तर सकाळच. म्हणून लांबच्या विमानाला तांत्रिक कारणाने दोन तास उशीर जाहीर झाला की मी रात्रभराची तयारी धरतो.

मार्ग लांबला तरी हेच होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. कंपनी भारतीय आहे की परदेशी, यावरही तुमच्या प्रवासाची लांबी ठरते ती अशी.

पुढचं कनेक्शन चुकणार हे दिसायला लागलंय. नेमकं काय करायचं?

एकाच वेळी तीन ठिकाणी हालचाल करा.

पहिलं, अ‍ॅप. कंपनीचं अ‍ॅप आधीच फोनवर घेऊन त्यात पीएनआर टाकलेला असावा. पुष्कळ कंपन्या कनेक्शन चुकणार हे यंत्रणेला कळलं की परस्पर नवं विमान देतात, आणि तुम्ही अजून हवेत असताना ते अ‍ॅपमध्ये दिसतं. पटलं नाही तर बदलण्याचा पर्यायही बऱ्याचदा तिथेच असतो.

दुसरं, फोन. कंपनीच्या भारतातल्या नंबरवर चाळीस मिनिटं संगीत ऐकत बसू नका. त्याच कंपनीचा अमेरिकेतला, सिंगापूरचा, कुठलाही नंबर चालतो. सगळ्यांसमोर तुमचा तोच पीएनआर उघडतो. हे काम अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने करावं हे उत्तम. उन्हाळ्यात दोह्यात पहाटेचे ४ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे ९ वाजलेले असतात. तिथली माणसं जागी आणि शुद्धीवर असतात. त्यांच्याकडे पीएनआर, पासपोर्टवर आहे तसं नाव आणि तिकिटाचा तेरा आकडी नंबर असला की झालं. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीने दिलं ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार एअरवेज, ०१६ युनायटेड.

तिसरं, रांग. विमानातून उतरलात की थेट ट्रान्सफर डेस्क, म्हणजे विमान बदलणाऱ्यांसाठीचा कंपनीचा काउंटर. प्रसाधनगृह, फोटो, "पोहोचलो" चे फोन नंतर. अडीचशे-तीनशे माणसांच्या विमानात तुमच्यासारखेच साठ जण कनेक्शन चुकलेले असतात, आणि पुढच्या विमानात जागा पाच असतात. दोघं असाल तर एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने फोनवर. ज्याचं आधी जमेल त्याने दुसऱ्याला खूण करायची.

मोकळ्या हाताने डेस्कवर जाऊ नका. मुलाने आधीच बघून ठेवावं की आज रात्री कोणत्या विमानात जागा आहे, आणि आई-बाबांना फ्लाइट नंबर लिहून पाठवावा. "काहीतरी करा" या विनंतीला कर्मचारी यंत्रणेत पहिलं दिसेल ते देतो. "सकाळी ८ च्या बोस्टनच्या विमानात जागा दिसतेय, तिथून पुढे रॅले, असं करता येईल का?" याला त्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं.

काउंटरवर जरा आवाज चढवला तर काम होतं का?

नाही. समोरच्या माणसाने विमान बिघडवलेलं नाही, आणि आधीच्या चाळीस जणांनी त्याला तेच ऐकवलेलं असतं. नाव विचारा, शांतपणे एक वाक्य बोला, नंबर पुढे करा.

नवं तिकीट मिळालं. आता निर्धास्त ना?

अजून नाही. डेस्कवरून हलायच्या आधी पाच मिनिटं काढा.

सगळ्यात आधी व्हिसा. संगणकाला जागा दिसते, तुमचा पासपोर्ट दिसत नाही. समजा मूळ मार्ग मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो होता आणि नवा दिलाय फ्रँकफर्ट–पॅरिस–शिकागो. फ्रँकफर्टहून पॅरिसला जाणं म्हणजे शेंगेन देशांतला, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला, आतला प्रवास. त्यासाठी फ्रँकफर्टला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि शेंगेन व्हिसा लागतो. नुसता अमेरिकेचा व्हिसा असलेल्या आई-बाबांना तिथेच अडवतात. टोरांटोमार्गे दिलं तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनला हीथ्रोवर उतरवून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर विमानतळ बदलण्यासाठी बाहेर पडावं लागतं, म्हणजे पुन्हा व्हिसाचा प्रश्न. असा मार्ग समोर आला की लगेच सांगा, आमच्याकडे त्या देशाचा व्हिसा नाही, दुसरा मार्ग द्या.

मग तिकीट नंबर. जागा धरणं आणि तिकीट नव्याने काढणं या दोन वेगळ्या नोंदी असतात. घाईच्या रात्री पहिली होते आणि दुसरी राहते. सकाळी गेटवर "तुमचं नाव दिसतंय, पण तिकीट नाही" असं उत्तर येतं, आणि तोवर विमान भरत आलेलं असतं. म्हणून विचारा: तिकीट पुन्हा इश्यू झालं का? सगळ्या टप्प्यांचे बोर्डिंग पास आत्ताच द्याल का? दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवत असतील तर हा प्रश्न दोनदा विचारा.

व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण या नोंदी जुन्या विमानाच्या असतात. नव्या विमानावर त्या आपोआप जातीलच असं नाही. शेवटी, चेक-इन बॅगांचे टॅग दाखवून त्या नव्या विमानाला जोडल्या का तेही विचारून घ्या.

रात्र काढायची झाली तर हॉटेल मिळतं का?

कनेक्शन कंपनीमुळे चुकलं असेल आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर मोठ्या कंपन्या सहसा खोली आणि जेवणाची कुपनं देतात, पण मागावी लागतात. अडचण विमानतळाबाहेर पडण्याची. दुबई-अबूधाबीला अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीयांना, तो व्हिसा आणि पासपोर्ट किमान सहा महिने चालू असेल तर, तिथे पोहोचल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. युरोपात शेंगेन व्हिसाशिवाय बाहेरचं हॉटेल विसरा. ट्रान्झिट भागाच्या आत हॉटेल आहे का विचारा. नसेल तर खाट किंवा पांघरूण तरी मिळतं. म्हणून केबिन बॅगेत शाल, पायमोजे आणि कपड्यांचा एक जोड हवाच. चेक-इन बॅगा मध्ये हातात मिळतीलच असं धरू नका.

आई-बाबांना इंग्रजी फारसं येत नाही. ते कसं निभावतील?

निभावतात. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते माहीत असलं की पुरे. एका कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत छापून द्या: आमचं कनेक्शन चुकलं आहे, हा पीएनआर, आम्हाला अमुक गावाला जायचं आहे, व्हीलचेअर हवी, शाकाहारी जेवण हवं, अमेरिकेशिवाय कोणत्याही देशाचा व्हिसा नाही, कृपया या नंबरवर आमच्या मुलाशी बोला. खाली भारतातला एक नंबर, अमेरिकेतला एक. कागदाच्या पाठीमागे हेच सगळं मराठीत, म्हणजे आपण काय दाखवतोय हे त्यांना कळतं. हा कागद पासपोर्टच्या पाकिटात. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

भारतीय सिमवर साधं रोमिंग चालू करून द्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि नवं तिकीट काढायची वेळ आलीच तर त्याच्यावाचून कार्ड चालत नाही.

औषधं, डबा, पॉवर बँक?

औषधं सगळी केबिन बॅगेत, प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्तीची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. रक्तदाबाची गोळी चेक-इन बॅगेत आणि बॅग भलत्याच शहरात, हे फार वेळा घडतं. इन्सुलिन तर केबिनमध्येच. मालाच्या कप्प्यात ते गोठून वाया जाऊ शकतं.

डब्यात दशम्या, तिळाची चटणी, चिवडा, लाडू. उशीर झाला की विमानतळावरच्या गार सँडविचपेक्षा दशमी बरी. मात्र लोणचं, तूप, श्रीखंड हे सुरक्षा तपासणीत द्रव म्हणून धरतात आणि शंभर मिलीच्या वर काढून टाकायला लावतात. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते, तेव्हा मुंबईला सुटलं म्हणजे दोह्यात सुटेल असं नाही. उरलेली फळं अमेरिकेत उतरण्याआधी संपवा.

पॉवर बँक केबिनमध्येच, शंभर वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचच्या आतली. काही कंपन्यांनी विमानात ती वापरायला बंदी घातली आहे, त्यामुळे चढायच्या आधी फोन भरून घ्या.

अमेरिकेत पहिल्या विमानतळावर एवढा वेळ का लागतो?

कारण इमिग्रेशन तिथेच होतं, शेवटच्या गावाला होत नाही. बॅगांवर रॅलेपर्यंतचा टॅग असला तरी नेवार्कला त्या पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पलीकडे पुन्हा द्यायच्या. नंतर पुन्हा सुरक्षा तपासणी. अबूधाबीहून थेट अमेरिकेला जाताना मात्र इमिग्रेशन आणि कस्टम अबूधाबीतच उरकतं आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. ज्येष्ठांसाठी हा मार्ग मला आवडतो, फक्त अबूधाबीत त्यासाठी पुरेसा वेळ हवा.

बॅग आलीच नाही तर?

विमानतळ सोडायच्या आधी बॅगेज काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. घरी जाऊन फोन करू म्हटलं की प्रकरण कमजोर होतं. मधल्या काळात घेतलेले कपडे, दाढीचं सामान यांच्या पावत्या ठेवा. माँट्रियल कराराप्रमाणे (विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) बॅग उशिरा मिळाली तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि फुटून आली तर ७ दिवसांत कंपनीकडे लेखी मागणी करावी लागते.

पैशांचं

उशिराबद्दल भरपाई मिळते का?

कुठून निघालात, कुठे जाताय आणि कंपनी कुठली, यावर. "सहाशे युरो मिळतात" हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान अर्धंच खरं असतं.

भारतातल्या नियमांत नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. उड्डाण किती लांबीचं आहे त्यानुसार दोन, तीन किंवा चार तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं द्यावं लागतं. चोवीस तासांपेक्षा जास्त, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर हॉटेल. आपली बहुतेक लांबची विमानं याच वेळेतली, म्हणून हा नियम पाठ करून ठेवा. आयत्या वेळी विमान रद्द केलं तर उड्डाणाच्या लांबीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. तिकीट पक्कं असूनही जागा नाकारली आणि पर्यायी विमान एका तासाच्या आत दिलं नाही, तर कमाल २०,००० रुपयांपर्यंत. हवामान, संप, सुरक्षेची कारणं यांत भरपाई नाही.

युरोपचा नियम उदार आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कोणतंही विमान, किंवा युरोपीय कंपनीचं युरोपात येणारं विमान त्यात बसतं. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासात शेवटच्या ठिकाणी चार तास किंवा जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल तर ६०० युरो. तीन ते चार तासांच्या उशिरात ते निम्मे होऊ शकतात. म्युनिकहून दोहामार्गे मुंबईला एका तिकिटावर येणारा मराठी माणूस यात बसतो. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागोला जाणारे आई-बाबा मात्र बसत नाहीत. युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये ऑस्ट्रियन कंपनीच्या एका खटल्यात स्पष्ट केलं की एकाच तिकिटावर सुरुवात आणि शेवट दोन्ही युरोपाबाहेर असतील आणि युरोपात नुसतं विमान बदलायचं असेल, तर हा नियम लागू होत नाही. दावे लढवून देणाऱ्या कंपन्यांकडे जाण्यापूर्वी हे लक्षात असू द्या.

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही तसाच नियम ठेवला आहे, लांबच्या प्रवासाला कमाल ५२० पौंड.

अमेरिकेत उशिराबद्दल भरपाईची सक्ती नाही, पण परताव्याचा नियम चांगला आहे. अमेरिकेला येणारं किंवा तिथून निघणारं आंतरराष्ट्रीय विमान सहा तास किंवा जास्त लांबलं आणि तुम्ही तो प्रवास व पर्यायी विमान दोन्ही नाकारलंत, तर न वापरलेल्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत करावे लागतात. क्रेडिट कार्डवर कामकाजाच्या सात दिवसांत.

मग पैसे परत घ्यावेत की पर्यायी विमान?

वाटेत असाल तर पर्यायी विमान, डोळे मिटून. पैसे परत घेतले की कंपनीची जबाबदारी संपते आणि त्या दिवशीचं नवं तिकीट मूळच्या दुप्पट असतं. अजून घरातच असाल आणि प्रवास पुढे ढकलता येत असेल तरच परताव्याचा विचार करा.

तिकीट एजंटकडून काढलंय. कोणाला फोन करायचा?

प्रवास सुरू झाला असेल तर विमान कंपनीला. निघण्याआधीच्या बदलांसाठी कंपनी तुम्हाला एजंटकडे पाठवते, आणि स्वस्तातल्या वेबसाइटचा फोन रविवारी रात्री कोण उचलणार? म्हणून कंपनीचा पीएनआर आधीच मागून घ्या; एजंटचा बुकिंग नंबर वेगळा असतो आणि तो कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चालत नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल कंपनीच्या नोंदीत घालायला लावा. नाहीतर वेळ बदलल्याचे मेसेज एजंटकडेच पडून राहतात.

प्रवास विम्यातून काही मिळतं का?

उशीर आणि चुकलेलं कनेक्शन ही कलमं असतील तर मिळतं. किती तासांपुढे, ते पॉलिसीत वाचा. विमा कंपनी एकच कागद हमखास मागते: विमान किती वेळ आणि कशामुळे उशिरा होतं याचं विमान कंपनीचं पत्र. ते ईमेलने मागवता येतं. बोर्डिंग पासचे तुकडे टाकू नका.

तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीकडे लेखी. उत्तर नाही आलं तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षं.

परतीचं विमान रद्द झालं आणि अमेरिकेतली मुदत संपत असेल तर?

ही वेळच येऊ देऊ नका. राहण्याची मुदत व्हिसाच्या तारखेवर नसते, आय-९४ वरच्या, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीवरच्या, तारखेवर असते. ती उतरल्यावर दोन-चार दिवसांत ऑनलाइन बघून छापून ठेवा. सहा महिने मिळाले म्हणून परतीचं तिकीट सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचं काढणारे पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कला हिमवादळ आलं की तीन दिवस विमानं उडत नाहीत. निदान दोन आठवडे हातात ठेवा. तरीही अडकलात तर रद्द झाल्याचा ईमेल आणि नवं तिकीट जपा. पुढच्या व्हिसाच्या वेळी विचारलं तर तेच दाखवायचं.

मुलांनी विमानतळावर घ्यायला कधी यावं?

विमान शेवटच्या टप्प्यावर उडाल्याची खात्री झाल्यावर. आधीपासून पार्किंगमध्ये उभं राहून काही साधत नाही. त्या वेळात तुम्ही घरी लॅपटॉपसमोर, चार्जरला लावलेला फोन हातात घेऊन असणं आई-बाबांच्या जास्त कामाचं आहे.